भीमेच्या नावाचा धोबी

नागपुरात रामदासपेठेतून पश्चिमेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर अंबाझरी तलाव लागतो. फुटाळाही फार लांब नाही. हिवाळ्यात अशा तलावांच्या ओलसर काठावर गुरे चरत असली, की त्यांच्या पायांशी चिमणीएवढा, पण लांब शेपटीचा एक पक्षी दिसतो. गाय पाऊल उचलते, गवतातले किडे उडतात आणि हा शेपटी खालीवर करत त्यांच्यावर धावतो. हा पिवळा धोबी.   

पिवळा धोबी ओळखणे सोपे. खरा कस लागतो तो उपजात सांगताना, आणि ती नराच्या डोक्यावर लिहिलेली असते. ‘थुनबर्गी’चे डोके गडद राखी, भुवई जवळजवळ नाहीच. ‘फेल्डेग’चे काळेभोर. ‘बीमा’चे फिकट निळसर राखी, त्यावर ठसठशीत पांढरी भुवई आणि गालावरही पांढरा पट्टा.

ही ‘बीमा’ म्हणजे आपली भीमा नदी! मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स यांनी 1832 मध्ये हे नाव दिले. पक्ष्याची वीण होते कझाकस्तान आणि पश्चिम सायबेरियात. नाव मात्र मिळाले ते त्याच्या हिवाळी मुक्कामावरून. पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीला त्याच वर्षी त्यांनी ‘दुखुनेन्सिस’ म्हटले, म्हणजे दख्खनचा. आपल्या मातीचे असे दोन ठसे जगाच्या पक्षिशास्त्रात आहेत, ही मला मोठी अभिमानाची गोष्ट वाटते.

‘ल्यूटिया’ ही उपजात भारतात कमी दिसते. तिच्या नराचे डोकेच पिवळे असते, त्यामुळे लिंबू धोबी या वेगळ्याच जातीशी हमखास गल्लत होते. अशा वेळी पाठ पाहावी: लिंबू धोब्याची राखी आणि पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे, ‘ल्यूटिया’ची हिरवट. माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्ले यांची उपजात नुसत्या दुर्बिणीतून ठरवू नये. शिवाय जिथे दोन उपजातींच्या विणीच्या हद्दी भिडतात तिथे संकर होतो, आणि मधल्याच रूपाचे नर आपल्याकडे उतरू शकतात.

म्हणून वेळ महत्त्वाची. परतीच्या प्रवासाआधी नर डोक्याची पिसे बदलतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये ओळख सर्वांत खात्रीची होते. नेमके याच दिवसांत ऊन चढते आणि पक्षिनिरीक्षक घरी बसतात. नागपूरकरांनो, या दोन महिन्यांत सकाळी लवकर तलावावर जा, डोके, गाल आणि पाठ दिसेल असा फोटो घ्या, तारीख व जागा टिपून ठेवा. शंका असेल तर फक्त ‘पिवळा धोबी’ लिहा. तीही नोंद मोलाचीच आहे.