आधी दुसऱ्यांची रेषा

महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली कोल्हापूरहून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आले, तेव्हा शाळेत आबालाल रहिमान यांची रेखाटने लावलेली होती. आबालालही कोल्हापूरचेच, काही वर्षांपूर्वी त्याच शाळेत शिकून गेलेले. ती कामे पाहून आपल्यालाही असे काढता आलेच पाहिजे, अशी ईर्षा तरुण धुरंधरांच्या मनात जागी झाली. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. या सगळ्या प्रवासाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे.

चित्रकला शिकण्यासाठी आज रत्नागिरीतल्या मुलांना मुंबईच गाठायला हवी असे नाही. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला आणि संगमेश्वर तालुक्यात देवरुखला कला महाविद्यालये आहेत. शाळाशाळांतून चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना दरवर्षी मुले बसतात. यातल्या बहुतेकांनी लहानपणापासून एक वाक्य ऐकलेले असते : ‘बघून काढू नकोस, मनाने काढ.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धवट आहे. मनाने काढायला आधी मनात काहीतरी साठलेले लागते आणि ते साठते बघूनच. तेव्हा खरा प्रश्न कोणाचे बघायचे आणि कसे बघायचे, हा आहे.

उतरवणे वेगळे, अभ्यास वेगळा

मोबाइलवरचे चित्र मोठे करायचे, कागदावर चौकटी आखायच्या, एकेक चौकट भरत जायचे. किंवा काचेखाली दिवा लावून सरळ गिरवायचे. साम्य हमखास येते, घरचे खूश होतात. हात मात्र होता तिथेच राहतो. कारण मूळ चित्रकाराने घेतलेला एकही निर्णय आपण घेतलेला नसतो. रेष कुठे दाबली, कुठे सोडून दिली, सावलीची कड कुठे ठेवली आणि कुठे पुसली, डोळ्यापेक्षा गालाचे हाड आधी का बसवले, या सगळ्या निर्णयांचे मिळून रेखाटन होते. अभ्यास करायचा तो त्या निर्णयांचा.

जुन्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते. कलाशाळेत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून तासन्‌तास रेखाटने करून घेत. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा तिथे १८८५ च्या आगीत जळाल्या. पण ते काम करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजींसारखा विद्यार्थी होता आणि तो पुढे नामवंत चित्रकार झाला.

युरोपातही वेगळे नव्हते. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवल्यावर चार्ल्स बार्ग याच्या रेखाटनाच्या पाठांवरून पुन्हा पुन्हा सराव केला. त्यातही मला जास्त मोलाचे वाटते ते रेम्ब्रांचे उदाहरण. पन्नाशीच्या आसपास, नाव आणि हात दोन्ही पूर्ण कमावल्यावर, त्याने भारतातून आलेली मुघल लघुचित्रे समोर ठेवून रेखाटने केली. त्यांतली वीसहून अधिक आजही टिकून आहेत.

एका चित्रकाराला एकच प्रश्न

सगळ्यांचे सगळे शिकायला गेले की हाती काही लागत नाही. प्रत्येक चित्रकाराकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन जावे.

कापडाखालचे अंग कसे दाखवायचे, हा प्रश्न धुरंधरांसाठी ठेवावा. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी (१९२०) त्यांनी काढलेली चित्रे पाहा. नऊवारीच्या निऱ्या कुठून सुटतात, काष्ट्यामुळे पोटरीवर ताण कसा येतो, पदर खांद्यावरून घसरताना हाताची ठेवण कशी बदलते, हे त्यांत बारकाईने दिसते. फक्त घड्या मोजू नयेत. कुठली घडी गुडघ्यामुळे पडली आहे आणि कुठली नुसत्या कापडाच्या वजनाने, ते शोधावे. दुसरी घडी चुकली तरी चित्र चालते. पहिली चुकली की बाई उभीच राहत नाही.

काय वगळायचे, हे प्रल्हाद अनंत धोंडांना विचारावे. १९०८ साली रत्नागिरीत जन्मलेले धोंड पुढे सर ज. जी. कलाशाळेचे अधिष्ठाता झाले, पण ओळखले जातात ते समुद्राच्या जलरंगांसाठी. ओल्या कागदावर मोजके फटकारे, एखादी होडी, क्षितिजाची कड, आणि बाकीचे काम कागदाच्या पांढरेपणावर सोडलेले. जलरंग रेखाटनाच्या अभ्यासात कशाला, असे कोणी विचारील. धोंडांचे एखादे चित्र नुसत्या पेन्सिलीने उतरवून बघावे, म्हणजे उत्तर मिळेल. पाच-सात रेषांतच ते संपते आणि मग लक्षात येते की त्या पाच-सातांपैकी एकही हलवता येत नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर बसून समोर दिसेल ते सगळे कागदात कोंबणाऱ्या मुलांना याच्याइतके चांगले औषध नाही. ‘रापण’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तकही याच अभ्यासाचा भाग समजावे.

शरीररचनेसाठी मु. रा. आचरेकर. ‘आवारा’चे कलादिग्दर्शक म्हणून सिनेमावाले त्यांना ओळखतात. विद्यार्थ्याने त्यांचे ‘रूपदर्शिनी’ मिळवावे. जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटने आणि प्राचीन भारतीय शिल्पांतला देह यांचे नाते त्यात उलगडून दाखवले आहे. शिल्पकाराने कंबर एवढी का वळवली, हे तोंडी समजावून सांगण्यापेक्षा असे शेजारी ठेवून दाखवले की चटकन कळते.

काळ्या शाईची जाड-बारीक रेष शिकायला दीनानाथ दलाल. जुन्या दिवाळी अंकांतली त्यांची कथाचित्रे त्यासाठी पुरेशी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, अशा ठिकाणी जुने अंक मागून पाहायला काय हरकत आहे? आणि चेहरा बाजूने, डोळा मोठा, कडा ठसठशीत अशी आकृती पाहायची असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहे. ठाकर समाजातल्या कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या घरातच शिकली गेली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

कातळावरचा हत्ती

रत्नागिरीच्या विद्यार्थ्याजवळ असा एक धडा आहे जो मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याजवळ नाही. तो म्हणजे कातळशिल्पे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या शोधकार्यामुळे ती मोठ्या संख्येने उजेडात आली. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. करणाऱ्यांची नावे अर्थातच कोणाला ठाऊक नाहीत.

चित्राच्या दृष्टीने विचार करा. उक्षीचा हत्ती जवळपास खऱ्या हत्तीएवढा आहे. कशेळीचा तर सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या. करणारा माणूस त्या आकृतीत उभा होता. मागे सरून ‘जमले का’ ते बघायला ना उंची होती, ना पुसायला रबर. तरी पाठीचा बाक आणि सोंडेची ओढ चुकलेली नाही. छायाभेद नाही, पोत नाही, फक्त बाह्यरेषा. फोर-बीने घासून घासून सावल्या भरणाऱ्या विद्यार्थ्याने इथे बसून नुसत्या रेषेने तो हत्ती काढावा. मग घरी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून तोच हत्ती खडूने हातभर मोठा काढावा. मनगटाने काढायची सवय मोडून खांद्यापासून हात हलवायला यासारखा सराव नाही.

जाताना सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी, तिरप्या उन्हात खोदकाम उठून दिसते. रेषांवर पाय देऊ नये. फोटो नीट यावा म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरणारे महाभाग आपल्यात असतात, त्यांनाही अडवावे.

मूळ चित्र डोळ्यांनी

छापील पानावर आणि पडद्यावर दोन गोष्टी हरवतात, चित्राचा आकार आणि हाताचा दाब. म्हणून वर्षातून एकदा तरी मूळ कामे पाहावीत. देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात जाऊन रत्नागिरीला एका दिवसात परतता येते. कुंभार्ली घाट चढून सातारा जिल्ह्यात गेले की औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले भवानी संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे पळत पळत सगळी दालने बघण्याऐवजी एकाच चित्रापुढे अर्धा तास उभे राहावे. वहीत रेखाटायची परवानगी आधी विचारावी. चारकोल सहसा चालत नाही, पेन्सिल बहुधा चालते.

वही कशी चालवावी

निवडलेले चित्र आधी पेन्सिल खाली ठेवून पाहावे. मोठे तिरके उतार कुठे आहेत, सर्वांत काळी जागा कोणती, हे शब्दांत लिहावे. मग शक्यतो मूळ आकारात आणि मूळ साधनाने उतरवावे. शाईचे काम पेन्सिलीने उतरवले तर ज्या अडचणीतून ती रेष घडली ती अडचणच नाहीशी होते.

दुसऱ्या दिवशी मूळ चित्र मिटून तेच आठवणीने काढावे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां हा शिक्षक नेमके हेच करून घेई आणि रोदँ त्याचा विद्यार्थी. आपल्या ग्रेड परीक्षांतला स्मरणचित्राचा पेपर याच जातीचा आहे. गुण मिळाले की आपण त्याला रजा देतो, ही गोष्ट निराळी. आठवणीने काढताना जिथे हात अडतो, तेवढेच आपल्याला समजलेले नसते. तिथे लाल पेन्सिलीने खूण करून मूळ चित्र पुन्हा उघडावे.

शेवटी ते शिकलेले घेऊन बाहेर पडावे. धोंडांकडून वगळणे शिकलात तर मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन दहा रेषांत एक नौका काढा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि न हलणारे असे मॉडेल फुकट मिळते. पावसाची उघडीप साधली की झाले. नाळेचा बाक एकदा पाठ झाला की ऑगस्टमध्ये हलत्या नौकाही पकडता येतात.

शैलीची घाई

दुसऱ्यांचे इतके घोटले तर माझे काय उरेल, ही भीती पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हटकून येते. वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये कलाशाळेतून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यावर भारतीय लघुचित्रांचा दाट प्रभाव होता. मग पॉल क्लीचा आला. लघुचित्रांतल्या आकृत्या बाजूला सारून ते केवळ रंगांची मांडणी बघू लागले, क्लीकडून रेष आणि अवकाश घेतला, आणि मग दोघांनाही सोडले. पुढचे गायतोंडे कोणासारखेच नाहीत. विशीतल्या मुलाने शैली शोधत बसणे मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. एकाच चित्रकाराला चिकटून बसणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. तीन-चार जण एकदम अभ्यासले की त्यांचे आपसात पटत नाही, आणि त्या भांडणात तुम्हाला तुमची बाजू घ्यावीच लागते.

सही कोणाची

अभ्यास म्हणून उतरवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात ‘धुरंधरांवरून’, ‘दलालांवरून’ असे लिहून खाली तारीख टाकावी. स्पर्धेला, प्रवेशाच्या पोर्टफोलिओत किंवा विक्रीला ते स्वतःचे म्हणून देऊ नये. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कामावरची मुदत संपली आहे. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांची २०३१ अखेर संपेल. धोंड गेले २००१ मध्ये, म्हणजे त्यांची चित्रे २०६१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. स्वतःच्या वहीतल्या अभ्यासाला याची आडकाठी नाही. टी-शर्टवर छापायला मात्र आहे.