सोपाऱ्याहून कान्हेरीला : सहल नव्हे, धम्मयात्रा

वसई-विरारच्या कामगार कुटुंबांना बुद्धगयेचा खर्च झेपतोच असे नाही. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरी मात्र लोकलच्या अंतरावर आहे. तरी आपल्यापैकी कित्येकांनी ती केवळ सहलीचे ठिकाण म्हणूनच पाहिली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख यात्रेविषयीच आहे! पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजमजेच्या यात्रा करीत. अशोक मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेला आणि धम्मयात्रा सुरू झाली. वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्मावर बोलणे, ही तिची रीत.

हीच रीत मनात धरून आम्ही वस्तीतील काही कुटुंबे आयाबाया, मुलाबाळांसह कान्हेरीला गेलो. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून कान्हेरी हे नाव पडले. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह सातवाहनांच्या काळातले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे २२ फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्यांच्यापुढे आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले.

हे वैभव एकट्या राजाचे नव्हे. येथील शिलालेखांत कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे, कल्याणच्याच लोहाराने वाट दिल्याची नोंद आहे. सोपाऱ्याच्या दात्याचेही नाव आहे. हे ऐकून वसईच्या कारखान्यात लोखंडकाम करणारे आमचे एक बांधव म्हणाले, "म्हणजे ही वाट आपल्यासारख्याच हातांची!"

त्या हातांनी दान देऊन नाव कोरविले. आज काही पोरे खिळ्याने भिंतीवर आपली नावे ओरबाडतात. हे आपल्या मुलांना आपणच समजावले पाहिजे.

लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी लवकर निघावे. पाणी व भाकरी बरोबर घ्यावी, कचरा परत आणावा. घरातील म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नये. फाटकापासून वर जायला बस मिळते. आणि त्याआधी एखाद्या संध्याकाळी मुलांना आपल्या सोपाऱ्याचा स्तूप जरूर दाखवावा.

जयभीम!