द्राक्षांचा मांडव आणि वरून येणारा फवारा

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांत कोवळी फूट येते, घड दिसू लागतात, फुलोरा उमलतो, आणि नेमक्या याच नाजूक अवस्थेत आकाश भरून आले म्हणजे बागायतदाराची झोप उडते. कारण डाऊनी, ज्याला केवडा असेही म्हणतात, तो रोग ओल्या पानाच्याच प्रतीक्षेत असतो. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या अंगाला पांढरी बुरशी, ही त्याची ओळख. पाण्याच्या सूक्ष्म थरातून पोहत जाऊन त्याचे बीजाणू पानाखालच्या रंध्रांतून आत शिरतात, आणि हवामान अनुकूल असेल तर एवढ्या कार्याला काही तास पुरतात. म्हणून द्राक्षशेतीत फवारणीचा हिशेब तासांवर येऊन ठेपतो.

या रोगाशी मनुष्याने मांडलेला झगडा जुना आहे. फ्रान्समधील मेदॉक प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडण्याची रीत होती, आणि त्याच वेली केवड्यातून बचावल्याचे पाहून मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली जे मिश्रण जगापुढे मांडले, ते बोर्डो मिश्रण आजही आपल्या बागांत वापरले जाते. औषधे पुढे पुष्कळ निघाली. परंतु ते औषध वेळेवर पानापर्यंत नेणार कोण आणि कसे, हा प्रश्न मात्र पाठीवरचा पंप, एचटीपी पंपाची गन आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर अशा अवस्थांतून जाऊनही पुरता सुटला नाही. अवकाळी पाऊस पडून गेला की काळ्या जमिनीला वाफसा नसतो, ट्रॅक्टरची चाके ओळींमध्ये रुततात, आणि ज्या वेळी फवारणी सर्वांत निकडीची, त्याच वेळी ब्लोअर बांधावर उभा राहतो.

ड्रोनची खरी उपयुक्तता मला या ठिकाणी दिसते. जमिनीला स्पर्श न करता साधारण 10 लिटरची टाकी घेऊन वेलींच्या थोड्या उंचीवरून जाणारे आणि एक एकर क्षेत्र 10 मिनिटांच्या आसपास आटोपणारे हे यंत्र चिखलाची पर्वा करीत नाही. यामाहा कंपनीने भातशेतीसाठी तयार केलेले मानवरहित हेलिकॉप्टर जपानात 1987 पासून विकले जाऊ लागले, आणि त्याच वंशातील आरमॅक्स या यंत्राला 2015 साली अमेरिकेत फवारणीची परवानगी मिळण्यापूर्वी त्याची परीक्षा कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याच्या द्राक्षमळ्यांत झाली होती. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या कालमोंट टेकडीवर, जिथे उतार काही ठिकाणी 60 अंशांहूनही अधिक असून माणसाचा पायसुद्धा नीट ठरत नाही, तिथे पूर्वीपासून हेलिकॉप्टरने औषध मारीत. युरोपीय संघाने 2009 साली हवाई फवारणीस सरसकट मनाई करून केवळ अपवादापुरती सवलत ठेवली, आणि अशा तीव्र उतारांवर आता ड्रोनला वाट मिळू लागली आहे.

परंतु मोझेलची वेल आणि नाशिकची वेल यांच्या मांडणीत मोठे अंतर आहे, आणि ड्रोन विकणारे लोक हे अंतर फारसे सांगत नाहीत. तिकडे वेल खुंटाला किंवा तारांना धरून उभी असते; आपल्याकडे ती मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरून पानांचे दाट छत करते, आणि घड त्या छताखाली लोंबतात. पात्यांचा वारा फवाऱ्याला खाली रेटतो खरा, तरी भर वाढीच्या बागेत औषधाचा बराच वाटा वरच्या पानांवरच अडतो, आणि केवड्याचा प्रवेश तर पानाच्या खालच्या अंगाने होतो! त्यातच ब्लोअरने एकरी काहीशे लिटर पाणी वापरले जाते, तर ड्रोनने साधारण 10 लिटर; औषधाची एकरी मात्रा तीच ठेवली तर द्रावण कित्येक पटींनी तीव्र होते. म्हणून माझे मत असे की, छाटणीनंतरची विरळ फूट आणि पावसानंतरचे वाफसा नसलेले दिवस एवढ्यांसाठी ड्रोन जरूर बोलवावा, पण घड भरल्यावर गाभ्यापर्यंत औषध पोचविण्याचे काम ब्लोअरकडेच ठेवावे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. 2021 साली ड्रोनविषयक नवे नियम अमलात आले आणि त्याच वर्षाअखेर केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनने औषधे फवारण्याची कार्यपद्धती जाहीर केली. चालकाने मान्यताप्राप्त संस्थेत शिकून दाखला घ्यावा लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची तजवीज आहे. निर्यातीच्या बागायतदाराने मात्र वाऱ्याचा विशेष विचार करावा. शेजारच्या पिकावरील फवारा वाहून आपल्या घडांवर बसला तर त्याचा अंश प्रयोगशाळेत सापडतो, आणि 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांपायी युरोपने आपली द्राक्षे नाकारली तेव्हा किती घरांवर संकट कोसळले, हे नाशिककर अद्याप विसरलेले नाहीत.

राहिला फवारणाऱ्या माणसाचा प्रश्न, आणि तोच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बागेच्या बाहेर उभे राहून यंत्र चालविणारा चालक औषधाच्या धुक्यातून सुटतो, हा लाभ पैशात मोजता येणार नाही. तथापि दर 10 मिनिटांनी टाकी भरून देणारा मजूर तिथेच असतो, आणि त्याच्या हातातील द्रावण पूर्वीपेक्षा कित्येक पटींनी जहाल असते. भाडे ठरविताना एकराच्या दरासोबत त्या मजुराचे हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि हात धुण्याचे पाणी यांचा खर्च कोणी करावयाचा, हे बागायतदाराने आधीच ठरवून घ्यावे.