फड कुठं, त्यावर शाळा

पहाटे साडेपाच. उठल्या उठल्या पहिला फोन ऊसतोड टोळीच्या मुकादमाला. "दादा, आज फड कुठंय?" तो शिवाराचं नाव सांगतो आणि माझं वेळापत्रक ठरतं. फड तळाजवळ असला तर बाया दुपारी कोपीवर एक चक्कर मारतात, मग मोठ्या पोरी सुटतात. लांबचा असला तर सगळं बिऱ्हाडच लेकराबाळांसकट उसात. डीएड झालंय, टीईटी झालीय, शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणीही दिलीय. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 अशी सवडीनं होत आलीय, त्यामुळं आमच्यासारख्यांकडं वेळ बख्खळ. पवित्र पोर्टल काय म्हणतंय, असं आई डबा भरता भरता विचारतेच.

साडेसात. कळंब मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. तालुक्यात रांजणीला कारखाना, शेजारी लातूर-बीडमध्ये आणखी, आणि जवळच मांजरा धरण. 2016 साली हे धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा उसाला सगळ्यांनी शिव्या घातल्या. पुढं पाऊस झाला, ऊस परत लागला. उसामागं टोळ्या येणारच.

तळावर या वेळी पोरं, एखादी म्हातारी आणि कुत्री. गडी-बाया चारलाच गेलेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच इथली मोजणी. बांबूच्या कमानीवर ताडपत्री टाकलेल्या कोप्या, आत पत्र्याची पेटी, अंथरुणं आणि तीन दगडांची चूल. पोरं रात्रीची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खात बसलेली असतात. माझा पहिला तास तोंड धुण्याचा. जानेवारीत बॅरलमधलं पाणी असं गार असतं की निम्मी पोरं नुसतीच बोटं ओली करून डोळ्यांना लावतात. मीही फार खोलात जात नाही.

मग बाभळीखाली बाराखडी, पाढे, एखादी गोष्ट. खरं काम पुढंच आहे. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा भरायच्या. 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि पोर जिथं असेल तिथल्या नेहमीच्या शाळेत त्याला बसवायचं ठरलं. ठरलं ते चांगलंच. पण तळ ते शाळा हा रस्ता पोरानं कुणाचं बोट धरून पार करायचा, हे त्यात कुणी लिहिलं नव्हतं. तेवढं बोट मी देते.

दहा. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. एका ओळीत, कडेनं चालायचं आणि ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही, हे दोन नियम. पहिला पाळतात.

आज तिसरीतली पोरगी आलीच नव्हती. मागं जाऊन बघते तर कोपीच्या दारात, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. परवा तिच्या आईशी माझं यावरच वाजलं होतं. "मॅडम, ही शाळंत गेली तर लेकराला कोण धरील? तुम्ही धरताव का?" ऊस तोडायचा, वाढं बांधायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायचं, आणि मधल्या वेळात लेकरू बघायचं, ती बाई चूक कुठं बोलत होती? मी म्हटलं, धरते. मग आमची वरात निघाली: दप्तर पोरीच्या पाठीला, लेकरू माझ्या कडेला. वर्गात त्यानं आधी खडू चाखला, नंतर बहिणीची पाटी हातानं पुसली, मग भिंतीला टेकून झोपलं. तेवढ्या झोपेत तिचे चार शब्द जोडाक्षरांसकट लिहून झाले.

शाळेच्या हजेरीपटावर ही पोरं पाहुणीच. मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक दिलेलं असतं; पोर कितवीत आणि कुठवर आलंय ते त्यावरून कळतं. कित्येकांचं ते घरी पेटीत राहिलेलं. मग मीच वाचायला लावून अंदाज घेते. पाचवीतलं पोर दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतं, हे इथं नवलाचं नाही. दरवर्षी दिवाळीनंतरचं अर्धं वर्ष उसात गेलेलं असतं.

एक. खिचडी. गैरहजर पोरंही याच सुमाराला उगवतात.

साडेचार. मुलं वाढं विकायला, मुली पाण्याला. यात मी पडत नाही.

साडेपाच. पहिल्या गाड्या खाली होऊन आल्या की वजनाच्या पावत्या तळावर येतात. माझं गणित या पावत्यांवर चालतं. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 366 रुपये ठरले. नवरा-बायकोनं दिवसाला दोन टन तोडला तर किती? सहावीतला पोरगा मातीत काडीनं मांडतो: 732. समजा पन्नास हजार उचल घेतलीय, ती फिटायला किती दिवस? तो भागत बसतो. तोवर बापही भाकरीचा हात थांबवून बघायला लागतो. अडुसष्ट दिवसांत 49,776. म्हणजे एकोणसत्तरावा दिवस उजाडावा लागतो. "आन खाडे?" बाप विचारतो. आजारपण, पाऊस, मोडलेली गाडी. पोरगा ते दिवस वाढवून धरतो. पुस्तकातल्या रामूच्या आंब्यांना एवढं गिऱ्हाईक मी कधी बघितलं नाही.

साडेसहा. अंधार पडायच्या आत निघते. इकडच्या कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, आणि स्कूटीचा उजेड तो केवढा.

रात्री नऊ. तिसरीतल्या पोरीच्या गावचे गुरुजी व्हॉट्सअॅपवर बोलतात. मी तिच्या वहीचे फोटो पाठवते, ते चाचणीचे प्रश्न पाठवतात. छापायला प्रिंटर नाही, हातानं उतरवून घेते. पाचवा प्रश्न भागाकाराचा आहे. बारा भाकऱ्या चौघांत वाटून ती तोंडी पटकन सांगते, कागदावर मांडता येत नाही. उद्या मांडणीच घ्यायची.