महाभियोग : नावड आणि अपराध

राष्ट्रप्रमुख लोकांना नकोसा झाला म्हणजे त्याला पदावरून दूर करावे, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु नकोसा असणे वेगळे आणि अपराधी असणे वेगळे. हा भेद पाळणे किती अवघड असते, ते अमेरिकेतील १८६८ च्या महाभियोगावरून दिसते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. गृहस्थ मोठा हेकट. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारे विधेयक त्याने नाकारले. काँग्रेसने ते त्याला न जुमानता संमत केले. पुढे १८६७ मध्ये, सिनेटच्या संमतीवाचून मोठ्या अधिकाऱ्यांना काढता येऊ नये, असा कायदा झाला. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सनने युद्धमंत्री स्टँटन यांना बडतर्फ केले आणि तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला.

खटला सिनेटपुढे चालला. ५४ पैकी ३६ मते हवी होती; १६ मे रोजी पडली ३५. जॉन्सन एका मताने सुटला. त्याला निर्दोष ठरविणाऱ्यांत विरोधी रिपब्लिकन पक्षाचेच सात सभासद होते. त्यांपैकी लायमन ट्रंबुल यांनीच ते नागरी हक्कांचे विधेयक मांडले होते! मग त्यांनी असे मत का द्यावे? एक तर, त्या कायद्याचे संरक्षण मंत्र्याला नेमणाऱ्या अध्यक्षाच्या कारकिर्दीशी बांधलेले होते, आणि स्टँटन यांना नेमले होते लिंकनने. दुसरे, केवळ मतभेदासाठी एक अध्यक्ष गेला, तर पुढचा कोणताही अध्यक्ष बहुमतापुढे सुरक्षित राहणार नाही.

आता कोणी विचारील, की जॉन्सन राहिला त्याची किंमत कोणी मोजली? ती त्या मुक्त झालेल्या गुलामांनीच मोजली, हे आम्हास नाकारता येत नाही. तरीही त्या सातजणांचा निर्णय आम्हास योग्य वाटतो. जॉन्सनचे धोरण हाणून पाडण्यास कायदे आणि निवडणूक ही साधने होतीच. अधिकाऱ्यांविषयीचा तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो घटनाबाह्य होता असे म्हटले.

आपल्या घटनेच्या ६१ व्या कलमात राष्ट्रपतीवरील महाभियोगास एकच कारण दिले आहे : घटनेचा भंग. तेथे नावडीला जागा नाही. न आवडणाऱ्या माणसालाही न्याय मिळतो, तेथेच आवडत्या माणसाची सुरक्षितता असते.