बचत खात्यावरील अनपेक्षित दंड : बुलडाणा जिल्ह्यातील अल्प उत्पन्न खातेदारांच्या संदर्भात
बुलडाणा जिल्ह्यातील सोयाबीन व कापूस उत्पादकांचे उत्पन्न हंगामी असते. बँकेचे शुल्क मात्र हंगाम पाहत नाही. किमान शिल्लक न राखल्याचा दंड नेमका पेरणीच्या तोंडावर, जमा झालेल्या रकमेतून वळता झाल्यास घराचा सारा हिशेब कोलमडतो.

या संदर्भात रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक महत्त्वाचे ठरते. त्यानुसार दंडापूर्वी खातेदारास सूचना देणे, शिल्लक पूर्ववत करण्यास किमान एक महिना देणे आणि तुटीच्या प्रमाणातच आकारणी करणे बँकांवर बंधनकारक झाले. केवळ या दंडामुळे खाते शून्याखाली जाता कामा नये, ही अट प्रस्तुत लेखकास सर्वांत मोलाची वाटते. दंड खाते रिकामे करू शकतो, खातेदारास देणेकरी करू शकत नाही. कर्जाचा हप्ता वा धनादेश परत गेल्याचे शुल्क मात्र निराळे. ते या परिपत्रकाच्या कक्षेत येत नाही.

शिल्लक राखणे अशक्य असल्यास लेखी अर्ज देऊन मूलभूत बचत खाते घ्यावे. त्यास किमान शिलकेची अट नसते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. अयोग्य आकारणीची तक्रार शाखेत लेखी देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.