गेटपास आणि स्टोअरची किल्ली

पलूसच्या आमच्या युनियन कचेरीत तीन संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. फंडाच्या दाव्यांचे तक्ते एकावर; ते दुसऱ्यावरून उघडू गेले की 'परवानगी नाही' ही पाटी. संगणक सापडतच नसता तर दोष जाळ्याचा. येथे तो सापडत होता, आत घेत नव्हता.

कारखान्यात गेटपास मिळाला म्हणून स्टोअरची किल्ली मिळत नाही. विंडोजचे तसेच आहे. फोल्डरला 'शेअरिंग'ची परवानगी निराळी, 'सिक्युरिटी'ची निराळी. पहिली फक्त जाळ्यातून येणाऱ्यास, दुसरी यंत्रासमोर बसलेल्यासही लागू. दोहोंत जी कडक, तिचाच अंमल.

आम्ही वैतागून दोन्हींकडे 'एव्हरीवन' घालून पूर्ण मुभा दिली. काम झाले खरे, पण आठवड्याभरात एक तक्ता पुसला गेला. जाळ्यातून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. सारे एकाच नावाने आत येत, विचारायचे कोणाला? ज्यांचे दावे त्यात होते, त्यांना कागद पुन्हा आणायला सांगताना आमची मान खाली गेली.

आता तक्त्यांच्या यंत्रावर प्रत्येकाचे खाते आहे, संकेतशब्दासह; कोऱ्या संकेतशब्दाचे खाते विंडोज जाळ्यातून सहसा आत घेत नाही. लिहिणाऱ्यास शेअरिंगमध्ये 'चेंज' व सिक्युरिटीत 'मॉडिफाय', पाहणाऱ्यास दोन्हींकडे 'रीड'. एवढे करूनही एक यंत्र अडले. त्याने जुनाच संकेतशब्द जपून ठेवला होता! क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढला, तेव्हा दार उघडले.